चकलीत मीठ कुणी घालायचं

कनिष्ठ महाविद्यालयात मी बरीच वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. परीक्षेत एक प्रश्न ठरलेला असायचा : भांडवलशाहीचे गुण आणि दोष लिहा. मुलंही ठरलेलं उत्तर लिहायची. डावीकडे गुण, उजवीकडे दोष, मध्ये पट्टीने आखलेली रेघ. मी बरोबरच्या खुणा करत जायचे आणि मनात म्हणायचे, बाळांनो, ही रेघ इतकी सरळ असते का रे कुठे. पण पेपर तपासताना असले विचार फार वेळ करता येत नाहीत. गठ्ठा संपवायचा असतो.

निवृत्त झाल्यावर तोच प्रश्न सकाळच्या चहाला येऊन बसला. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचं मत पक्कं : व्यवस्था काही आकाशातून पडत नाही, माणसं हावरट असतात, आळशी असतात, म्हणून जगात वाईट घडतं. माझं मत त्याच्या बरोब्बर उलटं. माणसाला ज्या चौकटीत उभं करावं तसा तो वागतो, चौकट बदला. एकदा त्यांच्या पॅन्टच्या खिशात वेफर्सची पुडी सापडली. ब्लडप्रेशरमुळे डॉक्टरांनी त्यांचं मीठ जवळजवळ बंद केलेलं. मी म्हटलं, बघा, दुकानात बरोबर हाताच्या उंचीवर ही पुडी टांगून ठेवणारा दोषी, की विकत घेणारा? "घेणारा," असं अभिमानाने सांगून त्यांनी उरलेले वेफर्स माझ्यासमोर संपवले. अशा माणसाशी वाद कसा घालायचा सांगा.

हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. माझ्यापुरता मात्र तो निवळला, तो वारज्यातल्या एका स्वयंपाकघरात. ज्या बाईमुळे निवळला, तिचं काम त्या दिवाळीत जाता जाता राहिलं. तिचे आभार मी तिच्या तोंडावर नीट मानलेले नाहीत, मला ते जमत नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

ते स्वयंपाकघर काकूंचं. आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर. काकू मूळच्या पेठेतल्या. मुलाने इकडे फ्लॅट घेतला म्हणून आल्या, पण मनाने कधीच आल्या नाहीत. वारजं पुण्यातच असलं, तरी पेठेत निघाल्या की अजूनही "पुण्यात जाऊन येते" म्हणतात. आधी शेजारपाजारच्यांना दिवाळीचा फराळ करून देत, मग ऑर्डरी वाढल्या तशा पाच-सहा जणी हाताखाली आल्या. काकू तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. मी वेळ जावा म्हणून मदतीला गेले, तेव्हा माझी एक पोळी बघून "मॅडम, तुमच्या हाताला चव नाही" असं त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं आणि मला पॅकिंगला बसवलं. तेव्हापासून पाकिटं भरणं आणि लेबलं चिकटवणं माझ्याकडे.

त्या घरात एक नियम होता. दिवाळीचा फराळ करताना कुणीही चाखायचा नाही. घरचा फराळ असला की पहिला घाणा देवापुढे ठेवून मगच तोंडात घालायचा, हे अनेक घरांत असतं. काकूंनी ते ऑर्डरींनाही लावलं होतं. त्यांचं म्हणणं असं की हा फराळ ज्यांच्या घरी जाणार, ते त्यांच्या देवाला नैवेद्य दाखवणार, मग त्यांच्या देवाला आपण उष्टं का पाठवायचं? त्यामुळे दिवसभर सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. दिवेलागणीला काकू वाटीत थोडं थोडं काढून नैवेद्य दाखवत आणि मग प्रत्येकीच्या हातावर प्रसाद ठेवत. दिवसाची चव तेव्हा कळायची.

चाखल्याशिवाय मीठ-तिखट कसं जमतं, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. "हाताला कळतं," काकू म्हणाल्या. ते खरंही होतं, कारण प्रत्येक बाई आपला घाणा पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करायची. पाण्याचं आधण ठेवायचं, त्यात मीठ, तिखट, तीळ, ओवा, तेलाचं मोहन, मग भाजणीचं पीठ घालून झाकण, मग मळणं, सोऱ्यातून चकल्या पाडणं, तळणं. पाकिटं भरताना कुठली चकली कुणाची हे मी डोळे मिटून सांगू शकले असते. एकीची वेटोळी घट्ट, एकीच्या चकलीला काटे जास्त, एकीची नेहमी एक छटा गडद. मीठ कधी कुणाचं चुकलं नाही.

मग माझा एक जुना विद्यार्थी आला. परदेशातल्या मराठी घरांना दिवाळीचे खोके पाठवायचा त्याचा धंदा. मी त्याला काकूंच्या चकल्या खायला दिल्या होत्या, त्यावरून त्याने चकली, चिवडा, लाडू अशी मोठी ऑर्डर दिली. पण जुन्या पद्धतीने ती पुरी होणं शक्य नव्हतं. तो एक दिवस दाराशी उभा राहून सगळ्यांचं काम बघत राहिला आणि मग त्याने नवी रचना सांगितली. एकीने फक्त आधणं ठेवायची. एकीने मसाल्याचे डबे आधीच मिसळून तयार ठेवायचे. एकीने मळायचं, एकीने सोऱ्या फिरवायचा, एकीने तळायचं.

"मॅडम, श्रमविभागणी. तुम्हीच शिकवलीय. टाचण्यांचा कारखाना आठवतोय ना?"

मला आठवत होता, एकेक टाचणी अनेक जण मिळून करतात तो धड्यातला कारखाना. खोटं कशाला बोलू, मला अभिमानच वाटला. एवढ्या वर्षांत एका तरी पोराने वहीतलं काहीतरी बाहेर काढून वापरलं होतं.

आणि रचना चालली, हेही सांगायला हवं. काम दुपटीने उरकायला लागलं. सगळ्यांनी कढईच्या धगीत उभं राहायची गरज उरली नाही. बाया प्रसाद घेऊन लगेच घरी जायला लागल्या. शिवाय त्या रचनेमुळेच एका नव्या बाईला काम मिळालं.

तिला आम्ही नुसतं "नवी" म्हणायचो. मांजरी गावाकडच्या शेतकरी घरातली. उसाची जमीन होती, ती बिल्डरला गेली, आलेला पैसा दिरांच्या गाड्यांत आणि लग्नांत गेला. नवऱ्याला वारज्यात एका इमारतीवर वॉचमनचं काम मिळालं म्हणून ती इकडे आली. काकूंच्या दाराशी काम मागायला आली तेव्हा भाजणीत काय काय असतं हेही तिला ठाऊक नव्हतं. जुन्या पद्धतीत तिला तयार व्हायला दोन दिवाळ्या गेल्या असत्या. आता नुसता सोऱ्या फिरवायचा होता, आणि तिच्या मनगटात ताकद होती. काकूंनी तिला दुसऱ्याच दिवशी बसवली.

तळणीवर बसायची ती काकूंकडची सर्वांत जुनी बाई. नवऱ्याची रिक्षा होती, गुडघे गेल्याने तो आता घरी, म्हणजे सगळं घर हिच्या झाऱ्यावर. जीभ काकूंपेक्षाही तिखट. नवी आली त्या दिवसापासून ती तिला पाण्यात बघत होती. मला तेव्हा तो नुसता खडूसपणा वाटला. आता कळतं की ती घाबरली होती. तिच्यासारखी चकली आजवर दुसऱ्या कुणाला येत नव्हती. आता चकली एकटीची कुणाचीच नव्हती, आणि चार दिवसांत शिकून कुणीही येऊन बसू शकत होतं.

परदेशच्या ऑर्डरीची शेवटची चकली झाली तो दिवस. सकाळपासून सोऱ्या थांबला नव्हता. दुपारपर्यंत डबे भरून भिंतीला लागले. माल न्यायला दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येणार होती. संध्याकाळी काकूंनी दिवा लावला, नैवेद्य दाखवला, चकलीचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि चावता चावता थांबल्या.

"मॅडम, तुम्ही खा बरं जरा."

मी खाल्ली. खमंग होती, कुरकुरीत होती, तीळ लागत होते, तिखटही बेताचं होतं. मीठ नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच. आम्ही दुसऱ्या डब्यातली खाल्ली, तिसऱ्यातली खाल्ली. सगळा दिवस अळणी.

"मीठ कुणी घालायचं होतं?" काकूंनी विचारलं.

एरवी अशा प्रश्नाला त्या घरात लगेच उत्तर मिळायचं. त्या दिवशी मिळालं नाही. आधणं ठेवणारी म्हणाली, मीठ मसाल्याच्या डब्यात असतं, तिखटाबरोबर. मसाला मिसळणारी म्हणाली, मीठ कायम आधणात जातं, वर्षानुवर्षं जातं, मी कशाला घालू. दोघीही खरं बोलत होत्या. आधीचे दिवस दोघींपैकी कुणीतरी जुन्या सवयीने घालत आली असणार. त्या दिवशी घाई होती आणि दोघींनीही नवी रचना मनापासून पाळली. माझ्या विद्यार्थ्याने सांगितलेल्या रचनेत मीठ कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं, आणि आमच्या नियमाने दिवसभर कुणी चाखलं नव्हतं.

हे सगळं मी आता नीट मांडते आहे. तिथे असं नव्हतं. तिथे डब्यांची भिंत होती आणि सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या. मग तळणारीने पदराला हात पुसले.

"ही नव्हती तेव्हा असं कधी झालं नव्हतं," ती म्हणाली.

नवी भिंतीशी सोऱ्या धुऊन पुसत बसली होती. तिने एकेकीच्या तोंडाकडे बघितलं, माझ्याही. कुणीच काही बोलेना. मग ती उठून उभी राहिली.

"माझं चुकलं, काकू. माझ्याकडनं ऱ्हायलं."

मी म्हटलं, अगं, तू आधणापाशी फिरकलीसही नाहीस, सकाळपासून तुझे हात सोऱ्यावर आहेत. ती म्हणाली, "न्हाई मॅडम, माझंच." आणि सगळ्यांचे ताणलेले खांदे एकदम सैल पडले. चूक कुणाचीतरी झाली म्हटल्यावर ती सगळ्यांची उरत नाही. तळणारी लगेच म्हणाली की उद्यापासून सोऱ्यावर तिची भाची येईल, चांगली हुशार आहे. काकू "उद्याचं उद्या बघू" एवढंच म्हणाल्या. नवीने पिशवी उचलली आणि ती निघून गेली. जाताना तिने दार हळू ओढून घेतलं.

मी विद्यार्थ्याला फोन केला. तो मोटारसायकलवरून धापा टाकत आला, चकली खाल्ली आणि डोक्याला हात लावून पायरीवर बसला. मग म्हणाला, वरून चाट मसाला मारू, मसाला चकली म्हणून लेबल बदलू, तिकडे लोक ॲक्च्युअली तीच जास्त खातात.

काकूंनी नकार दिला. माझ्या नावाच्या पाकिटात फसवाफसवी नको, म्हणाल्या. तो गयावया करू लागला. ऑप्शनच नाहीये काकू, उद्याचा पिकअप गेला तर खोके दिवाळीनंतर पोचतील, लोक ऑनलाइन वाट्टेल ते लिहितात, पुढच्या वर्षी मला कुणी विचारणार नाही, मग मी तुम्हाला कुठून ऑर्डर देऊ. पोरगा वाईट नाही. बोलत होता ते एकेक खरं होतं, आणि तरीही त्याची बेरीज होऊन माणसांना खोटी चकली खायला घालायची वेळ आली होती. मी मध्ये पडले. म्हटलं, त्यात विचार कसला करायचा, हा माल बाजूला काढा आणि उद्या नव्याने करा.

"तुम्हाला पेन्शन आहे, मॅडम," तळणारी म्हणाली.

ती रागाने नाही म्हणाली. नुसती माहिती दिल्यासारखं म्हणाली. आजवर वर्गात मी खूप वेळा म्हटलं असेल की माणसाला निवडीचं स्वातंत्र्य असतं. पण निवडायला उभं राहण्यापुरती जमीन पायाखाली लागते, आणि ती त्या खोलीत माझ्या पायाखाली होती, इतरांच्या नव्हती. त्या वाक्याबद्दल मी तळणारीची ऋणी आहे. इतकं मुद्द्याचं उत्तर मला कुठल्याच पेपरात मिळालं नाही.

काकूंनी मग ठरवून टाकलं. मीठ नसलेली चकली या घरातून परदेशी जाणार नाही. उद्या सगळ्यांनी यायचं, उद्याची मजुरी कुणाची बुडणार नाही, ते त्या बघतील. विद्यार्थ्याला म्हणाल्या, "आणि तू फोन लाव. ऑप्शन नाही म्हणतोस, ते निदान विचारून तरी म्हण."

तो पायरीवर जाऊन बसला. फोनवर बराच वेळ बोलत होता. आत आला तेव्हा जरा ओशाळलेला होता. चिवडा-लाडूचे खोके सकाळच्या गाडीने गेले आणि चकलीचे एक दिवस उशिराने गेले तरी चालणार होतं. हे विचारावं असं आधी त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला त्याचं हसू आलं नाही, कारण आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

घरी जाताना मी अळणी चकल्यांची एक पिशवी घेतली. यांनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली आणि म्हणाले, या चकलीत काही कमी आहे असं मला तरी वाटत नाही. बिचाऱ्यांच्या जिभेला मीठ माहीतच राहिलेलं नव्हतं. पुढे काकूंनी तो सगळा माल बिनमिठाचा आहे असं स्पष्ट सांगून सोसायटीतल्या ज्येष्ठांना देऊन टाकला, आणि कित्येक जण आजारपणानंतर पहिल्यांदा दिवाळीची चकली खाऊन खूश झाले. पण त्या संध्याकाळी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी यांना सगळी हकीकत सांगितली. यांनी नेहमीप्रमाणे निकाल दिला : म्हणजे माणसाचीच चूक. मीठ विसरलं कोण?

"कुणीच नाही विसरलं," मी म्हटलं. "तेच तर सांगतेय."

त्यावर त्यांनी पुन्हा पिशवीत हात घातला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वेळेवर आल्या, नवी आली नाही. तळणारीने भाचीला आणलं होतं. ती दारात चपला काढू की नको अशी उभी होती. काकूंनी तिला आत बोलावलं नाही आणि परतही पाठवलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, तुम्ही जाऊन या, मी गेले तर ती घाबरेल.

नवीचं घर म्हणजे त्या इमारतीच्या पार्किंगमधली पत्र्याची खोली. ती दाराशी बसून कपडे धूत होती. मला बघून लगबगीने उठली, खुर्ची पुसून दिली, चहा ठेवायला निघाली. रडलेली वगैरे दिसत नव्हती. मला वाटलं होतं तिची समजूत घालावी लागेल. मी विचारलं, तुझी चूक नसताना तू का घेतलीस अंगावर?

आधी तिला माझा प्रश्नच कळला नाही. मग ती सांगायला लागली.

"आधी मी आमच्याकडं बिस्किटाच्या पॅकिंगला होते, मॅडम. लाइनवर काही चुकलं आन् कुणी बोललं न्हाई, की ठेकेदार समदी लाइन दुसऱ्या दिवशी घरी बसवायचा. मंग आम्ही बायांनीच ठरवलं. रोज एकीनं म्हणायचं, माझं चुकलं. कुणाचं का चुकलं असंना. एकीचा दिस बुडायचा, बाकीच्यांचा वाचायचा. नंबर लावून घेतला होता."

मी म्हटलं, पण इथे कुठे ठेकेदार आहे?

"काकूंनी इचारलं तवा शेवटी समद्या गप बसल्या. मला वाटलं, नंबर कुणाचा त्याची वाट बघत्यात. तुम्ही समद्या जुन्या, तुमचे होऊन गेले असतील. माझा अजून लागलाच नव्हता. म्हटलं, माझाच असंल."

आणि आज का आली नाहीस, असं विचारलं तर तिने आश्चर्याने माझ्याकडे बघितलं. ज्या बाईचा नंबर, ती दुसऱ्या दिवशी घरी बसते. उद्या ती येणारच होती. काम गेलं असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आम्ही गप्प बसलो होतो ते जो तो आपला जीव वाचवत होता म्हणून, आणि तिला वाटलं होतं की आम्ही एकमेकींना सांभाळतो आहोत.

मला खूप लाज वाटली आणि त्याहून जास्त बरं वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे मला त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून समजलं. तो ठेकेदार, त्याची ती अख्खी लाइन घरी बसवायची पद्धत, हे मी शिकवायचे त्यातलं अगदी उजवीकडच्या रकान्यातलं होतं. त्याच्याबद्दल माझं मत आजही जराही मऊ झालेलं नाही. पण त्याच लाइनवर उभं राहून त्या बायांनी जे ठरवलं, ते ना ठेकेदाराने शिकवलं होतं ना माझ्यासारख्या कुणी. ते कुठल्या रकान्यात घालायचं ते मला अजून सापडलेलं नाही. चहा गोड होता, मी दोन कप प्यायले आणि तिला घेऊन निघाले.

स्वयंपाकघरात मी सगळ्यांसमोर सांगितलं, जसं तिने सांगितलं तसं. वाटेत तिला विचारलं होतं, सांगू का म्हणून. ती म्हणाली, सांगा की, त्यात काय. माझं बोलणं झाल्यावर आधणं ठेवणारी डोळे पुसत बाहेर गेली. तळणारीने कढईकडे तोंड फिरवलं, आणि जरा वेळाने भाचीला म्हणाली, तू घरी जा, कॉलेज बुडवू नकोस.

काकूंनी घसा खाकरला. "इथे नंबरबिंबर काही नाही," त्या नवीला म्हणाल्या. "सोऱ्या घे."

मग त्यांनी रचना सुधारली. मळेल तिनेच मीठ घालायचं, तेही आधणात. आणि प्रत्येक घाण्यातली एक चकली मी चाखायची. देवाच्या नियमाचं काय, असं कुणीतरी विचारलं. मॅडम देवाचं फारसं मानत नाहीत, त्यांनी खाल्लेलं उष्टं धरायचं नाही, असा काकूंनी तोडगा काढला. तेव्हापासून त्या घरात माझ्या नास्तिकपणाला पहिल्यांदाच काही उपयोग आहे. चकलीचे खोके दुसऱ्या गाडीने गेले आणि वेळेत पोचले. विद्यार्थी संध्याकाळी सोऱ्या फिरवायला बसला होता, त्याच्या चकल्या नंतर मी निवडून बाजूला काढल्या.

दिवाळी झाली. नवी राहिली, शिकलीही. तळणारी तिच्याशी कामापुरतं बोलायची, त्याहून जास्त नाही. मीही अपेक्षा सोडून दिली होती. माणसाचा स्वभाव आहे, म्हटलं.

मग लग्नसराईत रुखवताच्या ऑर्डरी आल्या. एका दुपारी नवी शंकरपाळ्यांचा मोठा डबा उचलून आत नेत होती. फरशी नुकतीच पुसलेली, पाय सरकला आणि डबा हातून सुटला. सगळ्या शंकरपाळ्या ओल्या फरशीवर पसरल्या. काकू आतल्या खोलीत होत्या, आवाज ऐकून बाहेर आल्या.

"कुणी पाडला?"

या वेळी चूक खरोखर तिची होती. ती पांढरीफटक पडून उभी होती आणि तिने बोलायला तोंड उघडलं. त्याआधी तळणीवरून आवाज आला.

"मी पाडला. आज माझा नंबर आहे."

तळणारी खोलीच्या दुसऱ्या टोकाला कढईपुढे बसली होती, हातात झारा, कढईत तळण. तिने मान वर केली नाही. काकूंनी तिच्याकडे बघितलं, नवीकडे बघितलं, आणि केरसुणी आणायला स्वतः आत गेल्या. नवी तिथेच खाली बसून रडायला लागली. मी लेबलं चिकटवत होते. त्या दिवशीची सगळी वाकडी लागली आहेत, पण कुणी तक्रार केली नाही.